भरवशाच्या म्हशीला टोणगा : दरोड्याच्या थरारकथेत विश्वास कसा पेरायचा, कसा मोडायचा

तिजोरी कोणत्या यंत्राने फोडली हे वाचक पुस्तक मिटायच्या आत विसरतो. टेम्पोवाल्याने डिझेलचे पैसे खाल्ले होते, हे मात्र त्याला वर्षभराने आठवतं. दरोड्याची गोष्ट लिहायला घेणारे बरेच जण इमारतीच्या नकाशापासून सुरुवात करतात आणि चाळिसाव्या पानावर अडकतात. नकाशाला धाकधूक नसते. धाकधूक असते ती कोण कोणाच्या भरवशावर पाऊल टाकतंय यात. म्हणून नकाशाआधी वही घ्या.

वही

नमुन्यादाखल एक गोष्ट धरू. झवेरी बाजारातल्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दागिन्यांचा कारखाना आहे. तिथे एका रात्रीपुरतं ४० किलो सोनं येणार आहे. मंडळी चार. शालिनीताई बँकेच्या लॉकर विभागातून निवृत्त झालेल्या, डोकं त्यांचं. इक्बाल चावीवाला. बबन छोटा टेम्पो चालवतो. आणि नितीन त्याच कारखान्यातला हिशेबनीस, म्हणजे घरचा भेदी.

वहीत प्रत्येकाच्या नावाने एक पान करा आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. याला काय माहीत आहे? काय माहीत नाही? काय लपवतोय, आणि कोणापासून? सापडला तर याचं काय जाईल? आणि कोठडीतल्या पहिल्या रात्री हा कोणाचं नाव आधी घेईल?

बबनचं पान असं होईल. रस्ता आणि वेळ माहीत. मालाचं वजन माहीत नाही. टेम्पोचे तीन हप्ते थकलेत, हे ताईंपासून लपवलंय. सापडला तर टेम्पो जाईल, जो बायकोचे दागिने मोडून घेतलाय. आधी नाव घेईल नितीनचं, कारण नितीन त्याला नावाने हाक मारत नाही, ‘ड्रायव्हर’ म्हणतो.

हे शेवटचं उत्तर सापडलं की पात्र उभं राहिलं समजा. फितुरीचं कारण म्हणून ‘लोभ’ लिहू नका. लोभी सगळेच आहेत, त्याशिवाय का रात्री दोन वाजता जिना चढताहेत? कारण लहान हवं, घरातलं हवं, आणि जमल्यास अपमानाचं हवं.

आता चारही पानं शेजारी मांडा. चार माणसांत प्रत्येकाचा इतर तिघांवर मिळून बारा भरवसे होतात. साठ हजार शब्दांच्या कादंबरीत यातले दोन मोडा, फार तर तीन. बाकीचे टिकायलाच हवेत. सगळेच गद्दार निघाले तर कोणाच्याच गद्दारीचं काही वाटत नाही, आणि नवख्या हस्तलिखितांत शेवटच्या पन्नास पानांत नेमकं हेच होतं. दिवाळी अंकाच्या सात-आठ हजार शब्दांच्या कथेत एकच मोडा.

पाचवा माणूस

पाचवा आला की बाराचे वीस भरवसे होतात. नितीन म्हणतो, ‘माझ्या मेहुण्याला घेऊ, पहारेकऱ्याला बांधायला माणूस लागेल.’ इथे कायद्याचं एक हत्यार लेखकाला फुकट मिळतं, ते वापरणारे थोडे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३१० प्रमाणे पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत. चौघांनी पहारेकऱ्याला बांधून माल नेला तर ती जबरी चोरी. कट रचल्याचं कलम चौघांनाही लागू शकतं, पण दरोड्याची नुसती तयारी करणं आणि त्यासाठी पाच किंवा अधिक जणांनी नुसतं जमणं हे वेगळे गुन्हे आहेत. म्हणजे मेहुणा खोलीत येऊन खुर्ची ओढतो त्या क्षणी खोलीतल्या सगळ्यांचं वजन बदलतं, आणि हे फक्त शालिनीताईंना ठाऊक असू शकतं. त्या काही बोलत नाहीत, पाचवा चहा सांगतात. प्रसंग तेवढ्यावर थांबवता येतो.

जाता जाता: कोणालाही न धमकावता, न मारता कुलूप फोडून माल नेला तर ती घरफोडी. वर्तमानपत्र त्याला दरोडा म्हणेल. तुमच्या कथेतल्या फौजदाराने म्हणू नये.

फितुरीचा कायदेशीर दरवाजाही असाच हाताशी ठेवा. माफीचा साक्षीदार होणाऱ्याला सगळं खरं सांगावं लागतं, स्वतःचा वाटाही. ज्याच्या पानावर सर्वात लाजिरवाणं गुपित आहे त्याच्यापुढे हा पर्याय टाका. गद्दारी करायची तर आधी स्वतःला उघडं पाडावं लागतं, आणि तिथे माणूस अडखळतो.

डिझेलचा काटा

वाचकाला माहीत आहे आणि पात्राला नाही, तेव्हा ताण येतो. दोघांनाही माहीत नाही, तेव्हा कुतूहल. पात्राला माहीत आणि वाचकाला नाही, तेव्हा धक्का. दरोड्याच्या गोष्टीत तिन्ही लागतात, पण धक्के एक-दोन पुरे आणि ताण पानोपानी. प्रमाण उलटं झालं की वाचक गोष्टीत गुंतणं सोडून लेखकाची चलाखी मोजत बसतो.

ताण कसा पेरायचा ते एका प्रसंगात पाहू. शालिनीताईंनी डिझेलला तीन हजार मोजून दिले आहेत. बबनने ते हप्त्यात भरले, हे वाचकाला आधीच्या प्रकरणात कळलंय.

‘टाकी?’
‘काठोकाठ, ताई.’
डॅशबोर्डवर अंबाबाईची तसबीर होती. बबनने तिचा हार जरासा डावीकडे सरकवला. काटा झाकला गेला. ताई आत बसल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

एवढंच. ‘बबनच्या छातीत धडधडत होतं’ हे वाक्य घातलंत की प्रसंग मेला. हार सरकवला, वाचकाने पाहिलं. आता पुढच्या दहा पानांत टेम्पो कुठेही वळो, वाचकाची नजर त्या हारावर.

हे सोडवताना सरळ मार्ग टाळा. टेम्पो रस्त्यात बंद पडणार हे तर वाचकाने ओळखलंच आहे. ठरलेल्या रस्त्याने डिझेल पुरलं असतं असं ठेवा. पी. डी’मेलो रोडवर नाकाबंदी दिसते आणि ताई लांबचा रस्ता घ्यायला सांगतात, कारण टाकी भरलेली आहे असं त्या धरून चालल्यात. ताईंच्या भरवशानेच घात झाला. बबनला आता तोंड उघडायचं की गाडी वळवायची, दोन सेकंदांत ठरवायचंय.

निवेदकाने खोटं बोलायचं नाही

दुसरा विश्वास वाचकाचा तुमच्यावरचा. पात्र संवादात हवं तेवढं खोटं बोलो. निवेदन लपवू शकतं, खोटं बोलू शकत नाही.

समजा पोलीस आल्याचं पाहून ताई हरल्यासारख्या दिसतात, पण पोलीस यावेत हाच त्यांचा बेत होता. तुम्ही लिहिलंत, ‘आता सगळं संपलं असं शालिनीताईंना वाटलं’, तर ती लबाडी झाली, आणि उलगडा झाल्यावर वाचक मागे जाऊन ते वाक्य शोधतोच. त्याऐवजी, ‘शालिनीताई खुर्चीत बसल्या. पदराने चष्मा पुसला आणि घड्याळाकडे पाहिलं.’ पहिल्या वाचनात ही हार वाटते, दुसऱ्या वाचनात हिशेब. दोन्ही वेळा वाक्य खरं.

सोपा उपाय म्हणजे ज्याला बेत माहीत आहे त्याच्या डोक्यात शिरूच नका. आमच्या नमुन्यात गोष्ट नितीनच्या बाजूने सांगावी. त्याला अर्धंच सांगितलेलं आहे. ताईंच्या बाजूने सांगायची असेल तर बेत वाचकाला आधी पूर्ण सांगून टाका आणि मग तो बिघडवा. पूर्ण सांगितलेला बेत जसाच्या तसा पार पडला तर वाचकाने एकच गोष्ट दोनदा वाचली.

कलाटणीसाठी तीन खुणा ठेवा. पहिली पहिल्या चतुर्थांशात, सहज. दुसरी एखाद्या भांडणात किंवा विनोदात, म्हणजे लक्ष दुसरीकडे असताना. तिसरी दरोड्याच्या जरा आधी, पण वेगळ्या रूपात. उलगड्याचा मागे जाणारा भाग तीन-चार पानांवर गेला तर समजा, खुणा कमी पडल्या आणि तुम्ही आता वकिली करताय.

ज्यांच्यावर कोणी संशय घेत नाही

मार्च १९८७ मध्ये ऑपेरा हाऊसजवळच्या एका नामांकित जवाहिऱ्याच्या दुकानात सीबीआयच्या नावाने बनावट छापा पडला. सूत्रधाराने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, पंचतारांकित हॉटेलात मुलाखती घेऊन तरुण निवडले होते. त्यांना वाटत होतं, आपल्याला सरकारी नोकरी लागली. माल घेऊन तो निघून गेला आणि ही मंडळी हुकमाची वाट पाहत राहिली. लेखकाने यातून उचलायचं ते हे: टोळीतलाच माणूस प्रामाणिकपणे काम करतोय आणि आपण टोळीत आहोत हे त्याला ठाऊक नाही. वहीतल्या ‘काय माहीत नाही’ या रकान्याची याहून मोठी मजल नाही.

नोव्हेंबर २०१७ मधली नवी मुंबईतल्या जुईनगरची घटना दुसऱ्या टोकाची. भाड्याच्या दुकानातून साधारण पंचवीस फूट भुयार खणून बँकेच्या लॉकरपर्यंत माणसं पोचली. इथे लेखकाने पाटी-पेन्सिल घ्यावी. तीन फूट रुंद, तीन फूट उंच भुयार धरलं तर २२५ घनफूट माती निघते, म्हणजे दहा टनांच्या आसपास. ४० किलोची एक गोणी धरली तर अडीचशे गोण्या. अडीचशे वेळा कोणीतरी दुकानातून गोणी बाहेर काढतोय आणि शेजारचा विचारतोय, ‘काय शेठ, काम काढलंय?’ भुयारातल्या अंधारापेक्षा हा प्रश्न जास्त घाबरवतो. शेजाऱ्याला दोन प्रकरणं द्या. त्याने उधारीवर साबण न्यावा, दिवाळीला फराळ आणून द्यावा.

आणि लंडनच्या हॅटन गार्डन या जवाहिऱ्यांच्या पेठेत एप्रिल २०१५ ला तिजोरीघराची ५० सेंटिमीटर जाडीची भिंत पोखरूनही पहिल्या रात्री आतलं कपाट हललं नाही. टोळी पुन्हा गेली. जुना-जाणता म्होरक्या मात्र परत आला नाही. गद्दारी नाही, तो फक्त आला नाही. अशी रिकामी जागा बहुतेक कथांत सुचतच नाही.

मुंबई चुकली की विश्वास गेला

झवेरी बाजारातून पळताना नायक रिक्षात बसला की मुंबईकर वाचक पुस्तक ठेवतो. रिक्षा वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला येत नाही. ईस्टर्न फ्रीवेवर मोटारसायकलला बंदी आहे, अटल सेतूवरही. झवेरी बाजार रात्री ओस पडतो हाही गैरसमज. कारागीर कितीतरी कारखान्यांत तिथेच झोपतात. शेवटची लोकल एकच्या सुमारास, पहिली चारच्या सुमारास. मधले तीन तास तुमचे. पावसाळ्यात सुटकेचा रस्ता पाण्याशी बांधला असेल तर भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, हे ध्यानात ठेवा. बेत एका दिवसाने लांबला की घड्याळ बिघडलं, आणि हे वेळापत्रक छापील असल्याने योगायोगाचा आरोपही येत नाही.

वजनं तपासा. पाचशेच्या नोटांत एक कोटी म्हणजे २०,००० नोटा, २०० बंडलं, वीस किलोच्या वर. दहा कोटींची बॅग खांद्याला लावून कोणी धावत नाही. सोनं उलटं फसवतं. त्याची घनता १९.३, म्हणजे आमचं ४० किलो सोनं दोन लिटरच्या बाटलीएवढ्या जागेत मावेल. नितीन पिशवी पाहून म्हणेल, ‘एवढंच?’ आणि उचलायला गेला की बंद तुटेल, तिसऱ्या मजल्यावरच्या लाकडी जिन्यात, खाली माणसं झोपलेली असताना.

आटणी

माल हाती आला की बहुतेक लेखक गाशा गुंडाळतात. खरं तर भरवशाची सर्वात चांगली परीक्षा इथे आहे. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क दागिना एचयूआयडीशिवाय, म्हणजे त्या दागिन्याच्या सहा अक्षर-अंकी ओळख-क्रमांकाशिवाय, दुकानात विकता येत नाही, म्हणून टोळीला दागिने आटवावे लागतात. शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. मुशीतून लगड बाहेर येते आणि आटणारा म्हणतो, ‘तीनशे ग्रॅम घट आली.’ डाक, मीना, मळ जळून घट येतेच. पण तीनशे? चौघांपैकी कोणालाच कळत नाही. कळेल ते कारखान्यातली राख-माती धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्या झारेकऱ्याला, आणि त्याला विचारायचं म्हणजे आणखी एकाला सांगायचं. पिस्तूल न काढता वीस पानं या एका शब्दावर चालतात.

कच्चा मसुदा कोणाला द्यायचा

तिघांना द्या, शक्यतो एकमेकांना न ओळखणाऱ्या. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोरी चिठ्ठी लावा आणि त्यावर दोन नावं लिहायला सांगा: आता कोण फिरेल, आणि कोणावर डोळे मिटून विसंबाल. तिघांनीही अर्ध्याच्या आत खऱ्या फितुराचं नाव लिहिलं तर दुसरी खूण भडक झाली, ती भांडणात आणखी खोल पुरा. शेवटच्या प्रकरणापर्यंत कोणीच लिहिलं नाही तर तिसरी खूण त्यांना दिसलीच नाही. आणि ‘विसंबेन’ खाली कोणाच्याच चिठ्ठीवर काही नसेल, तर नव्या पानावर पुन्हा बबनपासून सुरुवात करा. त्याने कोणाचं तरी एखादं काम फुकट करायला हवं होतं.