घर शांत का वाटत नाही? रंग, दिवे आणि पडदे निवडताना या चुका टाळा

नाशिकमध्ये गंगापूर रोड असो, इंदिरानगर असो की पाथर्डी फाटा, फ्लॅटचा ताबा मिळतो तेव्हा फरशी आधीच बसलेली असते. अनेक इमारतींत ती आयव्हरी, म्हणजे पिवळसर झाक असलेली व्हिट्रिफाइड टाइल असते. सजावटीतली सगळ्यात महागडी चूक इथेच होते. मोबाइलवरच्या फोटोत आवडलेला निळसर करडा रंग भिंतीला दिला जातो. मग त्या भिंतीशेजारी फरशी मळकट दिसते आणि फरशीशेजारी भिंत निर्जीव. रंग दोन्ही चांगलेच असतात, पण त्यांची झाक जुळत नाही. नंतर कितीही चांगला सोफा आणला तरी ते खटकणं जात नाही.

झाक ओळखायला पांढरा शुभ्र कोरा कागद दिवसा खिडकीजवळ फरशीवर ठेवा. कागदाशेजारी फरशी पिवळी किंवा गुलाबीसर दिसली, तर भिंतीला मलई, बदामी, मातकट अशा उबदार छटा घ्या. निळसर दिसली तरच करड्याचा विचार करा. शेडकार्डावरच्या टिचभर चौकोनावरून मात्र काही ठरवू नका. दोन-तीन शेडचे लहान डबे आणा, फरशीलगत २ बाय २ फुटांचे चौकोन दोन हात देऊन रंगवा आणि सकाळी, दुपारी चारनंतर आणि रात्री दिव्यात पाहा. पश्चिमेच्या खोलीत एप्रिल-मेचं तिरपं ऊन आलं की साधा क्रीमही हळदीसारखा दिसू लागतो, म्हणून तिथे एक पायरी फिकी शेड घ्यावी.

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग देणं हीसुद्धा एक चूकच. पावसाळा नुकताच संपलेला असतो आणि पावसाचा मारा झेललेली बाहेरची भिंत आतून ओलीच असते. त्यावर पुट्टी मारली की काही महिन्यांत फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. भिंत सुकली का हे पाहायला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर थांबा. आधी बाहेरच्या भेगा बुजवून वॉटरप्रूफिंग करून घ्या. ओल बाहेरून येत असताना आतून कितीही महागडा रंग दिला तरी टिकत नाही.

लाकडाचे रंग मोजायला लोक विसरतात. मुख्य दार, टीव्ही युनिट, वॉर्डरोब, जेवणाचं टेबल, देवघर, प्रत्येकाचं लॅमिनेट वेगळं निवडलं तर एका हॉलमधून पाच लाकडं दिसतात. दोनच ठेवा. जुन्या वाड्यातली सागवानी खुर्ची किंवा झोपाळा घरात असेल, तर तो रंग मुख्य धरा आणि बाकीचं फर्निचर फिकं किंवा भिंतीच्याच रंगाचं करा. त्या सागवानाची बरोबरी करू पाहणारं लॅमिनेट शेजारी ठेवलं की दोन्हीची शोभा जाते.

दिव्यांचं दुखणं नेहमीचंच: छतात ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप; आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर), कोव्हमध्ये, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेत, पिवळी पट्टी आणि देवघरात तिसराच रंग. उबदार छटेची भिंत त्या ट्यूबखाली फिकट, आजारी दिसते. हॉल आणि बेडरूममध्ये सगळे दिवे ३००० केल्विनचे घ्या. स्वयंपाकघर वेगळं असेल तर तिथे ४००० चालतील, पण ओटा हॉलमधून दिसत असेल तर तिथेही ३०००च. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ८० किंवा जास्त आहे ना, तेही बघा. फिकट भिंतींच्या १० बाय १५ फुटांच्या हॉलला साधारण २००० ते २५०० ल्युमेन (दिव्यातून मिळणाऱ्या उजेडाचं माप) पुरतात. ९ वॉटचा एलईडी बल्ब ८००-९०० देतो, म्हणजे तीन बल्ब झाले. ते छताच्या मधोमध एकत्र न लावता वेगवेगळ्या कोपऱ्यांत वाटा आणि बटणंही वेगळी ठेवा.

पडदे आखूड आणि चपटे शिवणं फार दिसतं. रॉड खिडकीच्या चौकटीवर ६ ते ८ इंच आणि दोन्ही बाजूंना ६ इंच बाहेर काढा. पडदा फरशीपासून अर्धा इंच वर थांबला पाहिजे. ५ फुटी खिडकीला रॉड ६ फुटी होतो, चुण्यांसाठी दुप्पट धरलं तर १२ फूट रुंदी लागते, म्हणजे ४८ इंची कापडाचे ३ पन्हे. शिंप्याने दोनच पुरतील म्हटलं तरी तिसरा घ्या, कारण दोन पन्ह्यांत पडदा लावल्यावर चादर ताणल्यासारखा दिसतो. कापड धुतल्यावर आटतं, तेव्हा सुती असेल तर शिवण्याआधीच भिजवून घ्या.

गालिचा टीपॉयपुरता घेऊ नका. सोफ्याचे पुढचे पाय त्यावर आले पाहिजेत, तीन सीटच्या सोफ्यासमोर निदान ५ बाय ८ फूट. टाइल, काच आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो, तो घुमाराही जाड पडदे आणि गालिचा कमी करतात.

भांडी बाजारातून आणलेली तांब्या-पितळेची भांडी घरभर विखरून ठेवली की प्रत्येक कोपरा लक्ष मागतो. ती एकाच फळीवर मांडा: मागे उंच घागर, पुढे लहान तांबे, आणि मधे थोडी मोकळी जागा.