पी५३ आणि डीएनए यांची त्रिमितीय संरचना कशी अभ्यासावी

डीएनएला इजा झाली की पेशीत पी५३ या प्रथिनाची पातळी वाढते आणि ते ठरावीक जनुकांच्या प्रतिलेखनाला (जनुकाची आरएनए प्रत बनण्याला) चालना देते. त्यांपैकी पी२१ पेशीविभाजन रोखून धरते, तर डीडीबी२ आणि एक्सपीसी ही प्रथिने अतिनील किरणांनी बिघडलेली जागा शोधण्याच्या कामी येतात. पी५३ डीएनएला कसे धरते हे पाहायचे असेल, तर निकोला पावलेटिच यांच्या न्यूयॉर्कमधील गटाने १९९४ साली प्रसिद्ध केलेली संरचना नवशिक्यांनी आधी उघडावी. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या संरचनांच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर रोमन लिपीत 'एक-टी-यू-पी' हा चार चिन्हांचा संकेत, पहिला अंक आणि पुढे तीन अक्षरे असा, टंकावा व त्रिमितीय दृश्य उघडावे. ब्राउझरमध्येच काम होते, वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही.

चित्र फिरवण्याचा मोह आवरून आधी नोंदीची माहिती वाचावी. विभेदन, म्हणजे किती बारीक तपशील दिसतो याचे माप, २.२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आहे, म्हणजे अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्या स्पष्ट दिसतात, पण हायड्रोजन अणू दिसत नाहीत. शिवाय पी५३ मध्ये एकूण ३९३ अमिनो आम्ले असली, तरी येथे ९४ ते ३१२ एवढाच, डीएनएला बांधणारा मधला भाग घेतलेला आहे.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. पडद्यावर ए, बी आणि सी अशा प्रथिनाच्या तीन साखळ्या दिसतात, त्यावरून पी५३ तीन-तीनच्या गटाने काम करते असे वाटू शकते; प्रत्यक्षात पेशीत ते चौघांच्या गटाने काम करते. येथे केवळ बी साखळी पी५३ ओळखते त्या डीएनए अनुक्रमावर बसलेली आहे, ए साखळी दोन डीएनए तुकड्यांच्या सांध्यावर टेकली आहे, आणि सी तर डीएनएला शिवतही नाही, ज्या स्फटिकावरून ही संरचना मिळाली त्याची रचना ती फक्त सावरते. त्यामुळे ए आणि सी लपवून बी आणि डीएनए एवढेच ठेवावे.

आता वरच्या अनुक्रमपट्टीत बी साखळी निवडून २४८ क्रमांकाच्या आर्जिनिनवर क्लिक करावे. त्याची लांब बाजूसाखळी डीएनएच्या पिळाभोवतीच्या दोन खाचांपैकी लहान खाचेत शिरलेली दिसेल. मग २७३ क्रमांकाचे आर्जिनिन पाहावे. ते क्षारकांना (डीएनएच्या 'अक्षरांना') न भिडता डीएनएच्या कण्यातील फॉस्फेटला धरते, तर २८० क्रमांकाचे आर्जिनिन मोठ्या खाचेतील ग्वानिन हा क्षारक ओळखते. दोन अणूंमधील अंतर मोजण्याची सोय वापरावी: नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यात साधारण ३.५ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी अंतर असेल, तर हायड्रोजन बंध असण्याची शक्यता धरता येते, मात्र कोनही जुळायला हवा.

शेवटी १७५ क्रमांकाचे आर्जिनिन शोधावे. कर्करोगात ते वारंवार बदललेले आढळते, तरीही ते डीएनएपासून दूर आहे, आणि माझ्या मते या संरचनेतील सर्वांत बोलका भाग हाच आहे. जवळच झिंकचा अणू दिसेल. त्याला १७६, २३८ व २४२ या सिस्टीनांनी आणि १७९ या हिस्टिडीनने धरून ठेवलेले असते. २४८ बदलले तर डीएनएवरील पकड जाते. १७५ बदलले तर झिंकभोवतीची घडीच विस्कटते. दोन्ही दृश्ये एकाच दिशेने पाहून जतन करावीत आणि प्रत्येकाखाली साखळीचे नाव व अमिनो आम्लाचा क्रमांक लिहावा.