गाडीचं इलेक्ट्रिक अचानक गंडलं? आधी या चुका टाळा

सोसायटीत कुणाची गाडी सुरू झाली नाही की मला फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "बॅटरी गेली वाटतं." मी काही वायरमन नाही, स्वतःच्या जुन्या गाड्यांशी वीसेक वर्षं झटापट करतोय एवढंच, पण तेच ते घोळ बघून आता खरंच कंटाळा आलाय. म्हणून एकदा लिहूनच टाकतो, पुढच्या वेळी फोनवर बोलण्यापेक्षा हे पाठवून देईन.

न मोजता बॅटरी बदलणं

ही सगळ्यात लाडकी चूक, आणि ती मी स्वतः सहा हजार रुपये घालून केलेली आहे.

माझ्याकडे तेव्हा जुनी पेट्रोल हॅचबॅक होती. एक दिवस चावी फिरवली तर नुसतं "टक". दुसऱ्यांदा टक. तिसऱ्यांदा सुरू झाली. बॅटरी तीन वर्षं जुनी होती, म्हटलं गेली असणार, ४,२०० ची नवी टाकली. गाडी मस्त चालू झाली, मी खूश. आठवड्याने परत टक. गॅरेजवाला म्हणाला सेल्फचे (म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरचे) कार्बन गेलेत, सेल्फ उतरवून त्याचे १,८०० घेतले. परत चार दिवस मस्त.

मग जुलैमध्ये रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना साखरप्याला चहाला थांबलो. धो धो पाऊस, अंधार पडायला आलेला, पुढे आंबा घाट, गाडीत बायको-पोरं, आणि गाडीचं आपलं टक. चार जणांनी धक्का मारला, नाही झाली. शेजारी थांबलेल्या ट्रकवाल्या मामांनी बोनेटमध्ये डोकं घातलं आणि मला हेडलाईट लावून सेल्फ मारायला सांगितलं. मारला. ते म्हणाले, "पावणं, लाईट तर झगझगीत हाय, जरा बी मंद हुईना, मग बॅटरी कशी गेली म्हंता?" मग त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावला आणि झटकन काढला. केबल तापलेली होती!

मला काहीच कळेना. त्यांनी ट्रकमधली जंपर केबल आणली, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिन उचलायच्या हुकला लावलं, म्हणाले मार आता. अर्ध्या सेकंदात गाडी सुरू. तशीच ती कुठेही बंद न करता कोल्हापूरपर्यंत आणली.

झालं होतं असं, की इंजिनपासून बॉडीला एक जाड विणलेली अर्थिंगची पट्टी असते, ती माझ्या गाडीत बॅटरीच्या ट्रेच्या बरोबर खाली होती. जुन्या बॅटरीचं अ‍ॅसिड ठिबकून ठिबकून ती सडली होती. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, तो करंट परत जायला रस्ता नाही म्हणून बिचारा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जात होता. हेडलाईटचं अर्थिंग बॉडीला वेगळं, म्हणून ते झगझगीत. बॅटरी बदलताना, सेल्फ काढताना ती पट्टी दरवेळी हलायची, चार दिवस कॉन्टॅक्ट मिळायचा आणि मला वाटायचं झालं काम. नवी पट्टी दीडशे रुपयांची होती.

तेव्हापासून माझी सवय म्हणजे आधी मीटर, मग पाना. पाचशेच्या आतला मल्टीमीटर चालतो. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर फुल आहे, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा मग बोलू. सेल्फ मारताना १० च्या खाली जाऊन बसत असेल तर बॅटरीवर संशय घ्या. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास हवं, तिथे १२.३ च दिसत असेल तर डायनामो चार्जिंग करत नाहीये, नवी बॅटरी टाकलीत तर तीही संध्याकाळपर्यंत झोपेल. (नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हा आकडा वरखाली करतो, त्यामुळे एकदा १३ दिसलं म्हणून लगेच डायनामो उतरवू नका.)

आणि अर्थिंगसाठी मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर धरायचं, तिच्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर नाही, खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि घरच्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. माझ्या सडक्या पट्टीला साडेतीन आले होते. दोन मिनिटांचं काम आहे हो, पण लोकांना ते दोन मिनिटं नको असतात, त्यांना थेट "कुठला पार्ट टाकू" एवढंच हवं असतं.

फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज टाकणं

यावर मी शांतपणे बोलूच शकत नाही. १५ अँपिअरचा निळा उडाला, परत टाकला, परत उडाला, मग भाऊ डब्यातून ३० चा हिरवा काढतात आणि म्हणतात "आता नाही उडत." नाहीच उडणार! आता वायर जळणार. फ्यूज त्या वायपरला किंवा हॉर्नला वाचवायला नसतो, तो वायरला वाचवायला असतो. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवणारे महाभागही अजून आहेत, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीत पार्किंग लाईटचा फ्यूज आठवड्यातून दोनदा उडायचा, त्यांनी १० च्या लालच्या जागी २० चा पिवळा ठोकला. महिन्याभराने डिकीतून जळका वास. नंबरप्लेटच्या दिव्याची वायर डिकीच्या बिजागरीपाशी, त्या रबरी नळीत, उघडझाप करून करून तुटली होती आणि पत्र्याला टेकत होती. एका वायरचं काम होतं, वितळून शेजारच्या पाच वायरी चिकटल्या.

असा फ्यूज परत परत उडत असेल तर मी फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी लावून जोडतो. जोवर शॉर्ट आहे तोवर बल्ब फुल पेटतो, करंट मात्र दोन अँपिअरच्या वर जात नाही, त्यामुळे काही जळत नाही. मग निवांत एकेक कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढा, हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवा, दारं-डिकी उघडा, बल्ब जिथे मंद होईल किंवा विझेल तिथे चोर. फक्त पिवळे कपलर म्हणजे एअरबॅग, तिथे बल्ब, टेस्ट लॅम्प, काहीही लावायचं नाही.

तसंच कंपनीच्या ६०/५५ वॅटच्या वायरिंगवर १००/९० चे बल्ब डायरेक्ट लावू नका. रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि जाड वायर टाका, नाहीतर स्टीअरिंगखालचा स्विच वितळतो.

बाकीच्या, पटापट

इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून डायनामो तपासणं. जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या काळातली करामत आहे, आजच्या गाडीत व्होल्टेज एकदम उसळून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडू शकतो. कुणी मेकॅनिक तुमच्या गाडीवर हे करायला लागला तर त्याचा हात धरा.

जंप स्टार्ट करताना (म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करताना) शेवटचा काळा चिमटा बंद पडलेल्या गाडीच्या बॅटरीवर लावू नका, लांब इंजिनच्या धातूवर लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिथे नको.

टर्मिनलवर पांढरं-हिरवं पीठ साठलं की लोक गरम पाणी ओततात आणि झालं म्हणतात. क्लॅम्प काढा (आधी मायनस), खायच्या सोड्याचं पाणी, ब्रश, कोरडं करून घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन.

रात्रीत बॅटरी उतरते म्हणून गाडी लॉक केल्या केल्या मीटर लावून "बघा एक अँपिअर खातेय" म्हणणं. गाडीला झोपायला अर्धा तास द्या, मग ५० मिलिअँपिअरच्या खाली आली तर गुन्हेगार दुसरा आहे. वरच राहिली तर बहुतेक वेळा नंतर बसवलेला डॅशकॅम निघतो.

पावसाळ्यात एकाच वेळी चार विचित्र गोष्टी झाल्या, म्हणजे वायपर आपोआप, हॉर्न बंद, डॅशबोर्डवर दिवाळी, तर स्कॅनर शोधण्याआधी काचेखालच्या जाळीतला पाला काढा. पाण्याचा निचरा तुंबला की पाणी आत फ्यूज बॉक्सपर्यंत जातं. कपलर उघडून बघा, हिरवा गंज असेल तर तोच. आणि बोनेटमध्ये उंदराच्या लेंड्या दिसल्या तर मला फोन करू नका, कुठली वायर खाल्लीये ते शोधायला लागा.

बटण स्टार्टवाल्यांसाठी एकच. परवा तिसऱ्या मजल्यावरून टोइंगवाल्याला बोलावलं होतं, गाडी "पूर्ण डेड" म्हणून. चावीतला सीआर २०३२ सेल संपला होता. चावी बटणाला टेकवून दाबलं, गाडी सुरू झाली. टोइंगवाल्याने येण्याचे पैसे घेतलेच.