मागचे स्पीकर दबले होते, वायर बदलून मोकळे झाले

मागच्या स्पीकरचा आवाज बसका आणि बेस पोकळ येत होता. दोष दोन निघाले.

ॲम्प्लिफायरपासून अंतर 10 मीटर, वायर 0.5 चौरस मिमीची. जाऊन-येऊन 20 मीटर तांबं म्हणजे सुमारे 0.7 ओहम रोध. 4 ओहमच्या स्पीकरवर यात जवळपास 1.4 डेसिबल जातात. शिवाय स्पीकरचा इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध) फ्रिक्वेन्सीनुसार बदलतो, म्हणून टोनही बिघडतो. 2.5 चौरस मिमीची शुद्ध तांब्याची वायर टाकल्यावर रोध 0.14 ओहमवर आला. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर मात्र घेऊ नका, तिचा रोध सुमारे दीडपट. तार खरवडून पाहा. आत पांढरं दिसलं की परत करा.

पोकळ बेसचं कारण वेगळं: एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे. हे तपासायला ॲम्प्लिफायरकडची टोकं सोडवून त्यांना 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. प्लसला प्लस असेल तर वूफरचा (बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) शंकूसारखा पडदा बाहेर येतो. जोडताना टोक सेंटिमीटरभर सोलून तारा घट्ट पिळा. एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला लागली की शॉर्ट.

3-4 मीटरसाठी 1.5 चौरस मिमी पुरते. हजारो रुपयांच्या केबलने त्यात काहीही भर पडत नाही.