जुना ऑपेरा, नवा फॉरमॅट: पारख करताना या चुका टाळा

जुन्या ऑपेराची ध्वनिमुद्रणं नव्या डिस्क आणि फाईल फॉरमॅटमध्ये पुन्हा येतात, ती पारखताना सगळ्यात जास्त फसगत होते ती हायब्रिड एसएसीडीत (सुपर ऑडिओ सीडी). या डिस्कवर दोन थर असतात: एक साध्या सीडीचा (१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ) आणि दुसरा डीएसडीचा, म्हणजे एसएसीडीच्या वेगळ्या डिजिटल पद्धतीचा. प्लेअरला एसएसीडी वाचता येत नसेल तर तो मुकाट्यानं सीडीचा थर वाजवतो आणि ऐकणारा ‘नव्या फॉरमॅटमध्ये काही दम नाही’ म्हणून मोकळा होतो. डिस्प्लेवर ‘एसएसीडी’ उमटलंय का, ते आधी बघा. ऑप्टिकल केबलमधून डीएसडी जात नाही, म्हणून एचडीएमआय किंवा अॅनलॉग आउटपुट वापरा. हाय-रेझ (सीडीपेक्षा वरच्या दर्जाची) फाईल साध्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकून तर मत देऊच नका.

दुसरी चूक आवाजाच्या पातळीची. रीमास्टर (जुन्या ध्वनिमुद्रणाची नव्यानं तयार केलेली आवृत्ती) एक-दीड डेसिबलनं मोठा असला तरी कानाला तोच उजवा वाटतो. फूबार या काँप्युटरवरच्या प्लेअरमध्ये दोन्ही आवृत्त्यांना रीप्लेगेन (पातळी सारखी करायची सोय) लावून पातळी जुळवा, मगच तुलना करा.

तरीही फरक ऐकू आला तर तो फॉरमॅटचाच असं धरून चालू नका. मूळ टेपवरून नव्यानं ट्रान्सफर केलेलं असलं तर कमाल बहुधा त्याची असते. खात्री करायची तर २४/९६ची (२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ) फाईल डिदर (बिट कमी करताना मिसळायचा बारीक नॉइज) लावून १६/४४.१ करा आणि मूळ फाईलशी एबीएक्स चाचणीत (नाव न बघता, नुसतं ऐकून ओळखायच्या) लावा. १६पैकी १२ वेळा बरोबर ओळखता आलं नाही, तर जास्तीच्या आकड्यांसाठी जास्तीचे पैसे कशाला?

आता हिस, म्हणजे टेपची सततची बारीक सरसर. गायिका मारिया कॅलासचा १९५३चा ‘तोस्का’ हा ऑपेरा घ्या. मिलानच्या ला स्काला थिएटरात व्हिक्टर दे साबाता यांच्या संचालनाखाली ध्वनिमुद्रित झालेला, मोनो. २०१४ साली २४/९६मध्ये रीमास्टर होऊन आला. अशा टेपवर हिस असणारच. ती पूर्ण गायब असेल तर खूश होऊ नका, संशय घ्या. हेडफोन लावून त्यातल्या ‘विस्सी दार्ते’ या गाण्यामध्ये दोन ओळींमधल्या श्वासाच्या जागा ऐका. स्वर थांबल्यावर सभागृहाची आस (मागे रेंगाळणारा घुमारा) हळूहळू विरायला हवी. ती कात्रीनं कापल्यासारखी तुटली, किंवा हिस सुरांबरोबर वरखाली होऊ लागली, तर नॉइज रिडक्शन जास्त झालंय. मग पहिल्या अंकाचा शेवट लावा. त्या प्रसंगात सुरुवातीला घंटा आणि दबक्या आवाजातला खलनायक स्कार्पिया, शेवटी ऑर्गन, तोफा, समूहगान. इथे जुन्या टेपचा आवाज थोडा फाटतोच. नव्या आवृत्तीत सुरुवात आणि शेवट जवळपास सारख्याच जोरात वाजत असतील, तर काँप्रेशन (लहान-मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणं) वापरलंय.

मोनो ध्वनिमुद्रण ‘स्टीरिओ’ म्हणून विकलेलं असेल तर ऑडॅसिटी या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन चॅनल वेगळे करा, एकाला ‘इन्व्हर्ट’ लावा आणि दोन्ही मिसळा. खरा मोनो असेल तर जवळपास काहीच उरत नाही. गाणं उरलं तर कुणीतरी नंतर कलाकुसर केली आहे. अॅटमॉस या चहूबाजूंनी आवाज देणाऱ्या फॉरमॅटचंही तसंच. १९५८ ते १९६५ दरम्यान व्हिएन्नात ध्वनिमुद्रित झालेली संचालक सोल्टी यांची ‘रिंग’ (वाग्नरची ऑपेरामालिका) मुळात स्टीरिओ; मागून-वरून येणारा आवाज पुढच्या काळाची भर आहे. ती आवडायला हरकत नाही, पण पारख दोन स्पीकरवर करा.

सोलापुरात आणखी एक अडचण खोलीची. एप्रिल-मेमध्ये कूलर चालू ठेवून हिस आणि आस जोखायला बसू नका. त्या घरघरीत दोन्ही बुडतात. गड्ड्याच्या यात्रेचे भोंगे असोत की शेजारचे माग, बारीक ऐकणं रात्री उशिराच जमतं. भिंतीवर सोलापुरी चादर टांगून ‘अकूस्टिक’ केल्याचं समाधान मानू नका. भिंतीला चिकटवलेली चादर फक्त वरच्या पट्टीतले आवाज शोषते, खर्ज तसाच घुमत राहतो, आणि मग चांगलं रीमास्टरही बोदं वाटतं. टांगायचीच तर दुहेरी करून, भिंतीपासून चार-पाच इंच सोडून टांगा, आणि स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढा.