फॉरमॅट न मारता विंडोज पुन्हा टाकायचं असेल तर

मशीन टेबलावर ठेवता ठेवताच गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, फॉरमॅट मारून टाका." मी आधी विचारते, आत काय काय आहे? डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर), पानं मांडायचं जुनं पेजमेकर आणि फॉन्टचा ढीग, हिशेबवाल्याकडे टॅली. विंडोज तासा-दीड तासात बसतं, पण हे सगळं परत बसवायला दिवस जातो, आणि जुन्या सॉफ्टवेअरची सीडी कुठल्या कपाटात आहे ते कुणालाच आठवत नाही.

मशीन डेस्कटॉपपर्यंत येत असेल, तर बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजच नसते. हार्ड डिस्क कटकट आवाज करत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे आधी डेटा काढा, मग नवी डिस्क.

विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे जा. 'फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट' दिसलं की त्यासमोरचं 'रीइन्स्टॉल नाऊ' दाबा. काही जीबी डाउनलोड होतं, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करू नका. त्याच पानावरचं 'रीसेट' मात्र दाबायचं नाही. त्यात 'कीप माय फाइल्स' वाचून लोक फसतात: फाइल्स राहतात, प्रोग्रॅम जातात. गेलेल्या प्रोग्रॅमची यादी तेवढी डेस्कटॉपवर उरते.

ते जमलं नाही, किंवा मशीनवर विंडोज १० असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ, म्हणजे विंडोजची अख्खी सीडी एका फाइलमध्ये, घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण दुरुस्तीची पद्धत तीच. आयएसओवर डबल क्लिक केलं की नवा ड्राइव्ह दिसतो. त्यातलं सेटअप चालवा. सगळी मेख इथेच आहे: सेटअप चालू विंडोजच्या आतूनच सुरू करायचं. पेन ड्राइव्हवरून बूट केलंत तर प्रोग्रॅम ठेवायचा पर्याय मिळतच नाही.

सेटअप सुरू करण्याआधी टॅलीचा डेटा आणि फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. सी ड्राइव्हवर पंचवीस-तीस जीबी मोकळी करा. बाहेरचा अँटीव्हायरस अनइन्स्टॉल करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि तो सस्पेंड, म्हणजे तात्पुरता बंद, करा. लॅपटॉपला चार्जर हवाच. डेस्कटॉप असेल तर यूपीएसची बॅटरी जिवंत आहे ना, ते बघा.

शेवटच्या पडद्यावर 'कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स' ला टिक असली पाहिजे. तो पर्याय फिका दिसला तर तिथेच थांबा, 'नेक्स्ट' दाबू नका. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे भाषा: मशीनवर ब्रिटिश इंग्रजी आणि आयएसओ अमेरिकन, किंवा उलट. साइटवर 'इंग्लिश इंटरनॅशनल' नावाने आहे ती ब्रिटिश. आयएसओ मशीनवरच्या विंडोजपेक्षा जुनी असली तरी हेच होतं.

मशीन मध्ये दोन-चारदा रीस्टार्ट होईल, टक्केवारी अडकल्यासारखी वाटेल. बटण दाबून बंद करू नका.

झाल्यावर आधी डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबी किल्ली) लावून श्रीलिपी उघडा, टॅलीत एखादी कंपनी उघडून बघा, एक प्रिंट काढा. सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा जाडजूड फोल्डर दिसेल. जागा खातो म्हणून लगेच उडवू नका. काही बिघडलं तर रिकव्हरीतल्या 'गो बॅक' ने १० दिवसांत मागे येता येतं, ते त्याच्याच जोरावर.