स्ट्रेफ: शब्द आला कुठून आणि मारायचा कसा

शूटर गेममध्ये तोंड आणि बंदूक समोरच ठेवून डावीकडे किंवा उजवीकडे सरकलात, की तो स्ट्रेफ. पीसीवर त्यासाठी ए आणि डी या कळा दाबायच्या, तर बीजीएमआयसारख्या मोबाइल गेममध्ये डाव्या अंगठ्याखालची जॉयस्टिक आडवी ढकलायची.

शब्द मुळात युद्धातला. जर्मन भाषेत 'श्ट्राफन' म्हणजे शिक्षा करणं. पहिल्या महायुद्धात 'देव इंग्लंडला शिक्षा करो' अशा अर्थाची घोषणा जर्मनीत पोस्टकार्डांवरसुद्धा छापली जायची. ब्रिटिश सैनिकांनी त्यातला हा शब्द उचलला आणि तोफांच्या भडिमाराला ते चेष्टेने 'स्ट्राफ' म्हणू लागले. पुढे विमान खाली आणून जमिनीवरच्या सैन्यावर मशीनगन चालवण्याला तो चिकटला. गेममध्ये येताना त्यातला गोळीबार गळला आणि आडवी चाल तेवढी उरली. आज एकही गोळी न झाडता बाजूला सरकलात तरी तो स्ट्रेफच. 'स्ट्राफ' हा ब्रिटिश उच्चार आणि 'स्ट्रेफ' हा अमेरिकन, दोन्ही बरोबर.

१९९२ च्या वुल्फेन्स्टाइन थ्रीडीत बाणाच्या कळांनी खेळाडू वळायचा, ऑल्ट दाबून धरला की त्याच कळांनी तो आडवा सरकायचा. १९९३ च्या डूममध्ये तर स्ट्रेफने वेगही वाढतो. धावताना पुढचा वेग ५० आणि आडवा ४० धरला जातो, आणि गेम दोन्ही वेगवेगळे मोजून एकत्र करतो. त्यामुळे दोन्ही कळा एकदम दाबल्या की तिरका वेग ६४ होतो, म्हणजे सरळ पळण्यापेक्षा २८ टक्के जास्त. डूम कमीत कमी वेळात संपवणारे खेळाडू म्हणूनच सतत तिरके पळतात.

नवख्याने सगळ्यात आधी शिकावा तो काउंटर-स्ट्रेफ. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये चालता चालता झाडलेल्या गोळ्या विखुरतात. हातात ती बंदूक घेऊन पळण्याच्या कमाल वेगाच्या साधारण एक तृतीयांशाखाली आलात, तरच त्या नेमक्या लागतात. एके-४७ हातात असताना कमाल वेग २१५ असतो, म्हणजे ७० च्या आसपास खाली यायला हवं. नुसती कळ सोडली तर खेळाडू थोडा घसरत जाऊन थांबतो, आणि तेवढ्या वेळात समोरचा तुम्हाला उडवतो. उलटी कळ टिचकीसारखी दाबली की ब्रेक लागतो, हाच काउंटर-स्ट्रेफ.

सरावाचा मॅप एकट्याने उघडा आणि वेगाचा आकडा पडद्यावर आणा. त्यासाठी सेटिंगमधून कन्सोल, म्हणजे गेमला आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी, सुरू करून त्यात 'सीएल अंडरस्कोर शोपॉस', मग जागा सोडून १ असं इंग्रजीत टाइप करायचं. भिंतीवरचा एक डाग निवडा. डी दाबून सरका, डी सोडा, लगेच ए ला टिचकी द्या आणि आकडा शून्याजवळ आला की एकच गोळी झाडा. मग हेच उलट्या दिशेने. गोळ्यांची भोकं एका जागी दाटीने पडू लागली की वेळ जमली म्हणायची. हे बोटांत बसेपर्यंत एकेक गोळीच झाडा. एकदम फैर झाडली तर धक्क्याने बंदूक वर जाते, आणि नेम कशामुळे चुकला ते कळत नाही.

भोकं पसरत असतील तर आकड्याकडे बघा, चूक तिथेच दिसते. आकडा शून्यावर येऊन परत चढत असेल, तर उलटी कळ जास्त वेळ दाबली गेली आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला निघालात. तो सावकाश उतरत असेल, तर ए आणि डी एकाच वेळी दाबल्या गेल्यात. त्या एकमेकींना रद्द करतात, ब्रेक लागतच नाही. आकडा शून्याला येतच नसेल, तर बोट डब्ल्यूवर, म्हणजे पुढे चालायच्या कळेवर राहिलंय. कोपऱ्यातून बाहेर येताना ही खोड बहुतेकांना असते. तिथे डब्ल्यू पूर्ण सोडा, क्रॉसहेअर (पडद्याच्या मधली नेमाची खूण) डोक्याच्या उंचीवर ठेवा आणि फक्त ए-डीने सरका.

काही नव्या कीबोर्डांत 'स्नॅप टॅप' नावाची सोय असते. आधीची कळ दाबलेली असली तरी शेवटी दाबलेलीच धरली जाते, त्यामुळे काउंटर-स्ट्रेफ आपोआप जमतो. ऑगस्ट २०२४ पासून काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने आपल्या अधिकृत सर्व्हरवर याला बंदी घातली आहे. पकडलं गेलं तर चालू मॅचमधून बाहेर काढतात, तेव्हा खेळायला बसण्याआधी कीबोर्डच्या सॉफ्टवेअरमधून ती बंद करा.